परग्रहवासीयांशी पहिली भेट : विचार करायला लावणारे चित्रपट सुचवावेत

सुमेधा, इंदूर
नमस्कार. सुदामानगरात आम्ही काही कुटुंबे महिन्यातल्या एका रविवारी एकत्र बसून चित्रपट पाहतो. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांशी माणसाची पहिली गाठ पडते, असे चित्रपट या वेळी निवडायचे आहेत. मात्र परकी याने शहरे भाजून काढतात आणि शेवटी एखादा सैनिक पृथ्वी वाचवतो, तसले नकोत. संपर्क साधायचा तरी कसा, हाच ज्यांचा गाभा आहे, असे कृपया सुचवावेत. मंडळींत निवृत्त गणित शिक्षक आहेत आणि बारावीतली मुलेही आहेत.

नभांगण
सुमेधाताई, गणिताचे गुरुजी सोबत आहेत, तेव्हा १९९७ च्या ‘कॉन्टॅक्ट’पासूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. कार्ल सेगन यांच्या कादंबरीवर तो बेतला आहे. रेडिओ दुर्बिणींनी टिपलेले अवकाशातले संकेत ऐकत मोटारीच्या बॉनेटवर डोळे मिटून पडलेल्या नायिकेच्या हेडफोनमध्ये अचानक ठोके ऐकू येऊ लागतात आणि मोजता मोजता लक्षात येते, की ते मूळ संख्यांच्या क्रमाने येत आहेत. स्पंदक ताऱ्याचे (पल्सरचे) नैसर्गिक ठोके कितीही नियमित असले, तरी २, ३, ५, ७ असा क्रम तो धरत नाही. म्हणून हा संदेश कोणीतरी जाणूनबुजून पाठवला आहे, हे भाषेचा एक शब्दही न कळता सिद्ध होते. पुढे त्याच संदेशात १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकचे आपलेच प्रक्षेपण परत आलेले सापडते. हा संदेश ज्या दिशेने येतो, तो अभिजित तारा सुमारे २५ प्रकाशवर्षे दूर आहे; त्यामुळे जाण्यायेण्याला लागणारी वर्षे मुलांनी तिथल्या तिथे काढावीत. चित्रपटातल्या न्यू मेक्सिकोच्या दुर्बिणी पाहून मुलांनी विचारलेच, तर नारायणगावजवळच्या खोडद परिसरात आपल्याही रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, हे त्यांना जरूर सांगावे.

मालवकर
निवड चांगली आहे, परंतु आपल्या प्रश्नाला नेमके भिडणारा चित्रपट ‘अरायव्हल’ (२०१६) हा आहे, असे माझे मत आहे. सैन्याला उत्तरे ताबडतोब हवी असतात, आणि भाषातज्ज्ञ लुईस मात्र फळ्यावर एकेक शब्द लिहून पायरीपायरीने पुढे जाते. संरक्षक पोशाख उतरवून ती काचेसारख्या पडद्यापाशी जाऊन उभी राहते, कारण समोरच्याला आपण दिसलोच नाही, तर ओळख होणार कशी? त्या जीवांची शाईच्या वलयांसारखी लिपी आणि काळाकडे पाहण्याची त्यांची रीत यांचा संबंध हळूहळू उलगडतो. म्हणून कथा आधी कोणालाही सांगू नये.

‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) लहानांनाही आवडेल. पाच स्वरांच्या संवादासाठी तो पाहावाच. शिवाय आकाशाकडे बोटे दाखवणाऱ्या भारतीय जनसमुदायाचे त्यातले दृश्य आपल्या खालापूरजवळ चित्रित झाले आहे.

सुमेधा, इंदूर
दोघांचेही मनापासून आभार. प्रथम ‘कॉन्टॅक्ट’ आणि पुढच्या महिन्यात ‘अरायव्हल’ ठेवते. तार्कोव्स्कींचा ‘सोलारिस’ (१९७२) मुलांबरोबर पाहावा का?

नभांगण
मुलांबरोबर नको, ती कंटाळतील. पावणेतीन तासांचा अतिशय संथ चित्रपट आहे. मोठ्यांनी मात्र अवश्य पाहावा. सोलारिस या ग्रहावरचा महासागरच सजीव आहे आणि तो शास्त्रज्ञांच्या मनातली माणसे त्यांच्यासमोर उभी करतो. पण का, हे शेवटपर्यंत कळत नाही. इतर चित्रपट संपर्क जमेल असे गृहीत धरतात, हा तेवढेही धरत नाही. म्हणून तो या दोन्हींनंतरच लावावा.