अ‍ॅडव्हेंटच्या ‘रीथ’ला मराठी शब्द हवा. पुष्पचक्र नको!

सदरची सून
आमच्या चर्चच्या मंडळीसाठी चार पानांची पत्रिका करते आहे. नाताळाआधीच्या चार रविवारी, म्हणजे अ‍ॅडव्हेंटमध्ये, घरातल्या सगळ्यांनी रात्रीच्या जेवणाआधी एकत्र बसायचं, एक मेणबत्ती लावायची, शास्त्रपाठ वाचायचा, एक गीत म्हणायचं आणि प्रार्थना करायची. दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. या मेणबत्त्या हिरव्या डहाळ्यांच्या गोलावर बसवतात, त्याला इंग्रजीत रीथ म्हणतात. शब्दकोशात ‘पुष्पचक्र’ मिळालं म्हणून तेच लिहिलं. सासूबाईंनी पहिलंच पान वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. “पुष्पचक्र शहिदांना वाहतात. माझ्या जेवणाच्या टेबलावर ते येणार नाही.” मला त्यांचं पटतं. वर्तमानपत्रात पुष्पचक्र ‘अर्पण’च होतं, आणि तेही समाधीवर नाहीतर पार्थिवावर. शिवाय आमच्या गोलात फूल एकही नसतं. गुरुवारी मजकूर छापखान्यात द्यायचा आहे. कुणी शब्द सुचवेल का?

शब्दपारखी
पर्णवलय. ‘वल्’ म्हणजे वळणे, त्यावरून वलय. इंग्रजी रीथच्या मुळाशीही पिळण्या-वळण्याचाच अर्थ आहे, म्हणजे दोन्हीकडे एकच कल्पना. शब्द शुद्ध आहे आणि त्याला मयताचा वास नाही.

धरमपेठकर
वलय शाळेत भूमितीला लागतं आणि नटनट्यांना प्रसिद्धीचं असतं. सहा वर्षांच्या नातवानं “आजी, पर्णवलय आण” म्हणायचं का? जो शब्द लेकरांच्या तोंडी बसणार नाही तो घरच्या उपासनेत चालणार नाही. आपल्याकडे गोल वळलेल्या वस्तूला चुंबळ म्हणतात की.

सदरची सून
चुंबळीवर घागर ठेवतात हो. मेणबत्तीची चुंबळ म्हटलं की डोळ्यासमोर फडकंच येईल. मला ‘कडं’ जवळचं वाटतंय, पण त्याआधी आणखी ऐकायचं आहे.

वसईचा मुलगा
आमच्याकडे त्या काळाला आगमनकाळ म्हणतात. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, फादरांचा झगा जांभळा असतो, तिसऱ्या रविवारी गुलाबी. म्हणून तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी. वस्तूला मात्र घरीदारी रीथच म्हणतो. नाताळ हा शब्दच पोर्तुगीज आहे, तो पचला, मग रीथ का पचू नये?

शब्दपारखी
नाताळ पचायला चार शतकं लागली. पत्रिका गुरुवारी छापायची आहे.

माळीकाम
‘चक्र’ हा भाग टाकू नका असं मला वाटतं, कारण ही वस्तू खरोखर चाकापासून सुरू झाली. योहान हिनरिख विखर्न नावाचे पाळक हॅम्बुर्गला गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. १८३९ साली विखर्न यांनी लाकडी चाकावर चोवीस मेणबत्त्या बसवल्या, वीस लहान लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या. आठवड्याच्या दिवशी लहान लावायची, रविवारी मोठी. त्या वर्षी १ डिसेंबरला रविवार होता, म्हणून हिशोब बरोबर चोवीसवर आला. मुलांना मोजता यावं हाच सगळा उद्देश होता. हिरव्या डहाळ्या नंतर आल्या आणि घराघरात पोचेपर्यंत चारच मेणबत्त्या उरल्या. चाक हे मूळ, पानं हा साज. तेव्हा ‘दीपचक्र’ म्हणा. यात फूलही नाही आणि शोकही नाही.

धरमपेठकर
दीपचक्र चांगला आहे. डहाळ्या कुठल्या वापरता तुम्ही सगळे? आमच्याकडे मोरपंखी, बर्डीच्या फूलबाजारातून.

माळीकाम
सुरू. मोरपंखी घरातल्या कोरड्या हवेत लवकर पिवळी पडते. कुठलीही घ्या, पण खाली पाण्याची थाळी ठेवा आणि डहाळ्या वातीपासून लांब ठेवा.

मोहननगरचे आजोबा
सूनबाई, शब्द का सापडत नाही ते सांगतो. आमच्या घराण्याचा विश्वास स्कॉटिश मिशनकडून आला. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. स्कॉटलंडच्या त्या मंडळ्या नाताळसुद्धा पाळत नसत, मग त्याच्या आधीचे रविवार कुठून पाळणार? माझ्या वडिलांच्या तोंडी अ‍ॅडव्हेंट शब्द मी कधी ऐकला नाही. रोज संध्याकाळची कौटुंबिक उपासना मात्र चुकत नसे, पाहुणा आला तरी त्याला सोबत बसवत. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच, नागपुरात, सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. वेगवेगळ्या परंपरांची माणसं तेव्हापासून एका उपासनामंदिरात बसू लागली आणि एकमेकांच्या रीती उचलू लागली. रीत अशी शेजाऱ्याकडून आली, तिचा शब्द आपल्या घरात नव्हताच.

शब्दपारखी
आजोबा, ही माहिती मोलाची आहे. मात्र ‘आगमनकाळ’ या शब्दावरही माझा आक्षेप आहे. महाराष्ट्रात ‘आगमन’ म्हटलं की ढोलताशे वाजतात आणि मूर्ती मंडपात येते. म्हणजे आगमन झालेलं असतं. इथे तर वाट पाहायची आहे. प्रतीक्षाकाळ म्हणायला हवं.

वसईचा मुलगा
लॅटिन अ‍ॅडव्हेंतुस म्हणजे येणंच, वाट पाहणं नव्हे. आगमनकाळ अचूक आहे.

वऱ्हाडी बाणा
तुम्ही दोघंही काऊन भांडता? आमच्या बोलीत याचा नेमका शब्द आहे. पाहुणे आले नाहीत आणि घरी बसलेलेही नाहीत, ते वाटेवर आहेत, तेव्हा आम्ही म्हणतो, “पाहुणे येऊन राहिले.” आगमन म्हटलं की काम झालं. प्रतीक्षा म्हटलं की नुसते आपण बसून. ‘येऊन राहिला’ म्हटलं की तोही चालून राहिला आणि इकडे आपणही घर झाडून राहिलो. माझी आई ख्रिस्ती नाही. शेजारच्या बाईंनी तिला या चार मेणबत्त्या समजावल्या तेव्हा ती लगेच म्हणाली, “म्हणजे तुमचा देव येऊन राहिला.” त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

शब्दपारखी
भावना समजली, पण छापील मराठीत हे कसं चालेल? हा ‘आ रहा है’चा सरळ अनुवाद आहे. नागपूर आधी मध्यप्रांताची आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदीचा शेजार बोलीत उतरणारच, पण म्हणून तो प्रमाण होत नाही. प्रमाण मराठीत ‘येऊन राहिला’ म्हणजे आला आणि मुक्कामाला राहिला. वाचक गोंधळेल.

वऱ्हाडी बाणा
हिंदीचा शेजार म्हणता म्हणता आमची बोलीच परकी ठरवून टाकता तुम्ही. या गावात पिढ्यान्‌पिढ्या लोक असंच बोलून राहिले. मुंबईचा माणूस ‘मी आलेलो’ म्हणतो, त्याला कुणी सुधारत नाही.

मोहननगरचे आजोबा
शब्दपारखी, तुम्ही विरोधात जे सांगितलंत त्यानं माझं मत उलट बाजूला गेलं. योहानाच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायाचं चौदावं वचन काढा. शब्द देही झाला आणि त्यानं आमच्यात वस्ती केली. शब्द म्हणजे ख्रिस्त. वस्ती केली, म्हणजे तुमच्या पुण्याच्या मराठीत ‘येऊन राहिला’. नागपूरच्या मराठीत तो अजून येतो आहे, प्रमाण मराठीत तो येऊन वस्तीला राहिला आहे. या काळात मंडळी दोन्ही गोष्टी आठवते, ख्रिस्ताचं पहिलं येणंही आणि पुन्हा येणंही. दोन्ही सांगणारं दुसरं क्रियापद मला दाखवा.

शब्दपारखी
अर्थ सुंदर लागतो हे मान्य. तरी पत्रिका गडचिरोलीपासून मुंबईपर्यंत कुणाच्याही हाती जाऊ शकते. मी ‘प्रतीक्षाकाळ’वर ठाम आहे.

सदरची सून
मूळ प्रश्न मागे पडला! तूर्तास मी ‘हिरवं कडं’ लिहिते आहे. सासूबाईंना ते चालेल, कडं हातातही असतं आणि दारालाही. आता दुसरी अडचण. उपासना संपली की मेणबत्त्या बंद करायच्या, कारण त्या चार आठवडे पुरवायच्या असतात. मी लिहिलं, “शेवटी मेणबत्त्या विझवाव्यात.” त्यांनी तेही खोडलं.

धरमपेठकर
बरोबर केलं. कुंकू वाढतं, मंगळसूत्र वाढतं, दिवा मालवतो. घरातल्या दिव्यापुढे ‘विझला’ कुणी म्हणत नाही. आणि पेटवतात चूल, दिवा लावतात. मेणबत्तीही लावायची.

माळीकाम
मेणबत्ती की मोमबत्ती? आमच्या गल्लीत निम्मे लोक मोमबत्ती म्हणतात.

शब्दपारखी
मेणबत्ती. मेण हे संस्कृत मदनापासून, मदन म्हणजे मधमाशीचं मेण. मोम फारसी आहे.

वऱ्हाडी बाणा
बत्ती तर दोन्हीकडे आहे. वात का नाही म्हणत मग?

वसईचा मुलगा
‘मालवणे’ला माझी हरकत आहे. मालवणं हे दिवस संपल्याचं, झोपण्याचं वाटतं. इथे पुढच्या रविवारी तीच मेणबत्ती पुन्हा लागणार आहे. ‘शांत कराव्यात’ लिहा.

धरमपेठकर
शांत? अहो, दिवा शांत झाला हेही कुणी गेल्यावरच म्हणतात. पुन्हा पुष्पचक्रावरच आलात.

मोहननगरचे आजोबा
आमचे वडील नुसतं म्हणायचे, “आता राहू दे.” धाकटा भाऊ फुंकर घालायला धावायचा, त्याला थांबवून आई चिमटीनं वात दाबायची.

सदरची सून
छापखान्यातून फोन आला. ‘मालवाव्यात’ ठेवते. पहिली मेणबत्ती आशेची, दुसरी शांतीची, तिसरी आनंदाची, चौथी प्रेमाची, इथे तरी कुणाची हरकत नसावी.

मोहननगरचे आजोबा
प्रेमाची नाही, सूनबाई. प्रीतीची. आपल्या पवित्र शास्त्रात प्रीती आहे, देव प्रीती आहे.

धरमपेठकर
आजोबा, प्रीती आता सिनेमाच्या गाण्यात आणि मुलींच्या नावात उरली आहे. माझ्या सुनेला प्रेम म्हटलं तरच कळेल.

मोहननगरचे आजोबा
मग सुनेला सांगा, ही प्रीती वेगळी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय ‘प्रेम’ घालून मोठ्यानं वाचून पाहा, कानाला लागतं की नाही ते सांगा.

शब्दपारखी
या एका बाबतीत मी आजोबांच्या बाजूचा. मात्र मग ‘आशा’ला जुना पर्याय कोणता?