ओक्ताव्हिओ पाझ यांच्या घारापुरीवरच्या कवितेसाठी शब्द हवा आहे

मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हिओ पाझ (नोबेल १९९०) १९६२ ते १९६८ भारतात राजदूत होते. मेक्सिको सिटीतल्या त्लातेलोल्को भागात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाल्यावर त्यांनी ते पद सोडलं. त्यांच्या भारतातल्या कवितांवर लेख लिहितोय आणि घारापुरीच्या रविवारावरच्या कवितेपाशी अडकलोय.

कवितेचे दोन भाग आहेत, ‘इम्प्रेकासिओन’ आणि ‘इन्व्होकासिओन’. दुसऱ्याला ‘आवाहन’ सरळ बसतं. खरी अडचण पहिल्याची. भव्य शिल्पांच्या पायाशी सहलीचा कचरा, त्यावर कावळे-कुत्री. आणि कवी म्हणतो, हे करणाऱ्यांनो, शंभर वेळा उकिरड्यावर जन्म घ्या! (‘मुलादार’ला ‘उकिरडा’ इतका चपखल बसला की त्या दिवशी आणखी काही केलंच नाही.)

‘शाप’ लिहिलं तर ऋषीच्या तोंडचा वाटतो. पुनर्जन्म असल्यामुळे चालेलही, पण कवीचा संताप थंडावतो. ‘तळतळाट’ मला आवडतो, पण तो सोसलेल्या माणसाचा असतो, आणि इथे तर मूर्तींनी सोसलंय. ‘शिव्याशाप’ फारच नळावरचं.

मूळ स्पॅनिश आणि इंग्रजी अनुवाद दोन्ही जवळ आहेत, त्यामुळे अर्थ कळलाय. स्पॅनिश जेमतेम येतं, शब्दकोशात ‘शाप’च्या पुढे काही मिळालं नाही. शीर्षक मोठ्याने वाचायचंय, म्हणून शक्यतो एकच शब्द हवा, तळटीप नको.

मूर्तींच्या वतीने कुणी बाहेरचा माणूस चिडून बोलतो, त्या बोलण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? आणि या कवितेचा मराठी अनुवाद आधी कुणी वाचलाय का, कुठे?