सॉफ्टनर बायपासवरून परत सर्व्हिसला आणला तरी पाणी जडच, मदत हवी आहे

औसेकर: मंडळी अर्जंट सांगा. वर खोलीचं काम चालूय, स्लॅबला मारायला मऊ पाणी कशाला वाया घालवायचं म्हणून सॉफ्टनर (जड पाणी मऊ करायचं यंत्र) बायपासला टाकला होता, म्हणजे पाणी मऊ न होता तसंच पुढं जातं, मिठाची गोणी काय फुकट येत नाही. काल परत सर्व्हिसला, म्हणजे पाणी मऊ करायच्या कामाला, आणला तर साबणाला फेसच नाही, केस चिकट, बादलीवर पांढरे डाग पडायलेत. मीठ भरलंय, मिठाच्या पाण्यानं धुऊन रिजनरेशन पण केलं. बसवणारा फोन उचलंना. रेझिन (आतले जडपणा धरणारे दाणे) गेलं का? नवीन टाकायला किती खर्च येईल?

निलंगा_बोअर: रेझिनच गेलं भाऊ. आमच्या बोअरला लोह होतं, सगळं रेझिन तांबडं झालं, बदललं तेव्हा सुटलो. बदलून टाका.

गोदाकाठची: अहो आधी विचारा तरी. दादा, वर एकच हँडल फिरवायचं मॉडेल आहे का तीन व्हॉल्व्हचा बायपास? आणि सॉफ्टनर टाकीच्या आधी आहे का टाकीनंतर?

मीटरवाला: टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) किती? माझ्याकडं मीटर आहे, सॉफ्टनर लावूनही आकडा उतरत नाही म्हणजे सगळी फसवणूक.

गोदाकाठची: टीडीएस उतरतच नसतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम जाऊन सोडियम येतं, आकडा जवळपास तेवढाच. हार्डनेसचं, म्हणजे जडपणा तपासायचं, किट घ्या.

औसेकर: एकच हँडल. मोटार, मग सॉफ्टनर, मग वरची टाकी. स्लॅबला टाकीतूनच पाइप लावला होता. हो, ड्रेनच्या नळीतून बारीक धार चालूय, ते नेहमीचंच असेल ना?

गोदाकाठची: नाही, सर्व्हिसवर ड्रेन कोरडा पाहिजे! हँडल खाचेत बसलं नसेल नाहीतर आतलं रबर कापलंय. मोटार बंद करा, प्रेशर उतरू द्या, मगच फिरवा. चालू पाण्यात कधीच फिरवू नका. आणि टाकीत अजून बायपासचंच जड पाणी आहे, ते संपेपर्यंत घरात मऊ पाणी कुठून येणार? थेट सॉफ्टनरच्या आउटलेटचं पाणी बाटलीत घ्या, अंगाच्या साबणाचा चुरा टाकून हलवा, शाम्पू नको. मऊ असेल तर फेस येतो, जड असेल तर फाटलेल्या दुधासारखं होतं. तिथं फेस आला तर रेझिनला हात लावू नका.

तेरणाकाठ: तुरटी फिरवा टाकीत, आजी तेच करायची.

निलंगा_बोअर: तुरटीनं गढूळपणा खाली बसतो काका, जडपणा जात नाही. पण रेझिनचं मी सांगतो ते खरंय.

माजलगावकर: बायपासची भानगडच नको. मोटारीनंतर सॉफ्टनरच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून वेगळा नळ काढा, बांधकाम, गाडी, झाडं सगळं त्यावर. झाडांना तर सॉफ्टनरचं पाणी घालूच नका, सोडियमनं आपली काळी माती चिवट होती, माझा कढीपत्ता गेला तसाच.

तेरणाकाठ: 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं लातूरला, तवा जड का मऊ कोण बघत होतं. बोअरच्या पाण्याला नावं ठेवू नये.

औसेकर: काका ते खरंय, पण लेकराच्या अंगाला खाज सुटायलीय हो. मोटार बंद करून हँडल नीट बसवलं, धार थांबली. आउटलेटच्या पाण्याला फेस आला!! टाकी उपसून भरतो. गिझरमधला जुना थर पण जाईल का यानं?

गोदाकाठची: तो असा निघणार नाही. कॉइल उघडून साफ करून घ्या.

मीटरवाला: गिझर किती लिटरचा?