ज्युरीत "प्रेरणा कोणाची?" विचारलं आणि मी खोटं बोलले

हर्णैची_पोर

नमस्कार. पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव हर्णै, तालुका दापोली. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

मागच्या आठवड्यात ज्युरी झाली, म्हणजे आमच्या कामाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले सर एकेकाला विचारत होते, तुझी प्रेरणा कोण? आम्ही सहा जण. चौघांनी व्हॅन गॉग सांगितला, त्यात मी एक. सरांनी विचारलं, "त्याचं कुठलं चित्र समोर उभं राहून बघितलंस?" मी म्हटलं, "मोबाइलवर." सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार.

खरं सांगू का? मी रंगाकडे बघायला शिकले ती पप्पांमुळे. पप्पा बोटी रंगवतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत सगळ्यांना आपली बोट चकाचक हवी असते. पावसानं उघडीप दिली की पप्पांना जेवायला सवड नाही. जुना रंग खरवडायचा, लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिशपेपर मारायचा, मग ऑइलपेंटचे हात. पट्टा सरळ यावा म्हणून नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागपर्यंत खडूची दोरी ताणून टणकन सोडायची. चौथीत असल्यापासून त्या दोरीचं एक टोक माझ्या हातात आहे.

आणि ते खरवडणं! हिरव्याखाली निळा, निळ्याखाली गुलाबी, त्याखाली कुठल्या तरी आधीच्या मालकाचा पिवळा. दहा-बारा वर्षं एका वितीत दिसतात. मला ते रंगवायचंय. बोट नाही, तो खरवडलेला तुकडा.

वर्गात एकदा प्लायवर ऑइलपेंटनं प्रयत्न करून दाखवला, तर ऐकून घ्यावं लागलं की हा दारं-खिडक्यांचा रंग आहे, पेंटिंगचा नाही. तेव्हापासून परत वॉटरकलर. सुवर्णदुर्ग मी आतापर्यंत चाळीसेक वेळा काढला असेन. किल्ल्यालासुद्धा कंटाळा आला असेल माझा.

तर विचारायचं हे, की असं काही करणारा कोणी चित्रकार आहे का? "समुद्र आवडतो ना, मग सीस्केपवाले बघ" असं कृपया सांगू नका.

जुना_जेजेकर

प्रभाकर बरवे. पहिलं नाव हेच, दुसरं नंतर.

जन्म 1936, गाव नागाव, अलिबागजवळचं. म्हणजे तुझ्याच किनाऱ्यावरचा माणूस. आणि आता नीट बसून वाच: बरव्यांची बहुतेक मोठी चित्रं कॅनव्हासवर एनॅमलनं केलेली आहेत. तुझे पप्पा ज्याला ऑइलपेंट म्हणतात तोच प्रकार. एनॅमल आपोआप पसरून सपाट होतो, ब्रशची रेघ मागे राहत नाही. बरव्यांना तेच हवं होतं. एक पान, एक घड्याळ, एक ढग, प्रत्येक वस्तू शांतपणे आपापल्या जागी. मधे भरपूर मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत ब्रशचे फटकारे दिसले असते तर सगळा खेळ बिघडला असता.

ते मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकले, मग विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, काही वर्षं बनारसला. 1995 साली गेले. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक मराठीतच आहे, लायब्ररीत मिळेल. मी विद्यार्थी असताना ते लिहिलेलं नव्हतं, याची मला अजून चुटपुट लागते. चित्र सुचतं कसं यावर इतकं साध्या भाषेत लिहिलेलं मी दुसरं वाचलेलं नाही.

दारं-खिडक्यांचा रंग म्हणणाऱ्यांना काही बोलू नकोस. पुस्तकातली चित्रं उघडून समोर ठेव.

एटीडी_वाला

ताई, प्रेरणा वगैरे ठीक आहे. सोबत एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) करून ठेव. शाळेत चित्रकलेच्या जागा निघाल्या तर व्हॅन गॉग अर्ज भरायला येणार नाही.

जुना_जेजेकर

@एटीडी_वाला खरं आहे, पण तिनं हे विचारलेलं नाही.

मांडवा_रेवस

मी चित्रकार नाही, अलिबागकडचा आहे, पण ती खडूची दोरी वाचली आणि लिहायला बसलो.

नसरीन मोहमदी हे नाव शोध. जन्म कराचीचा, 1937. शिक्षण लंडनला, 1972 पासून बडोद्याला शिकवत होत्या. घरच्यांचं घर आमच्या किहीमला, समुद्राला लागून. 1990 मध्ये गेल्या, वय अवघं 53. काम म्हणजे कागदावर पेन्सिल आणि शाईच्या रेषा. बस. काही जागी इतक्या बारीक आणि इतक्या जवळ, की कागद थरथरतोय असं वाटतं. आर्किटेक्टची अवजारं वापरायच्या. पुढे आजारानं शरीरावरचा ताबा सुटत चालला होता, तरी रेषा हलली नाही. चित्रांना नाव नाही, बहुतेकांवर तारीखही नाही.

त्या फोटोही काढायच्या, पाणी, वाळू, रस्त्यावरचे पट्टे. ओहोटीला किहीमच्या वाळूवर पाणी ज्या रेघा सोडून जातं त्या मी जन्मापासून बघतोय. त्या रेघा आहेत हे मला त्यांची चित्रं पाहिल्यावर कळलं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं 2016 मध्ये नवीन शाखा उघडली तेव्हा सुरुवातीला ज्यांची प्रदर्शनं लावली त्यात या बाई होत्या. आमच्या गावात विचाराल तर दहात एकालाही माहीत नसेल. मलाही एका पाहुण्यानं सांगितलं, आणि तोही मुंबईचा.

ठाण्याची_लोकल

थोडं वाकडं बोलते, राग मानू नका. कोकणातली मुलगी म्हणून तिला कोकणातलेच चित्रकार शोधून द्यायचे, हे काय? लग्न जमवताय का?

सुधीर पटवर्धन बघ. पेशानं रेडिओलॉजिस्ट, कलामहाविद्यालयात न जाता चित्रकार झालेले, ठाण्यात कित्येक वर्षं दवाखाना चालवत रंगवत होते. इराणी हॉटेलातला माणूस, लोअर परळच्या गिरण्या, स्टेशनवरची गर्दी. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे, की रोज ज्या रस्त्यानं जातो तो रस्ता चित्राला पुरतो. दुसरे चित्रकार वासुदेव गायतोंडे. ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि पॅलेट नाइफनं रंग चढवायचे, उतरवायचे, परत चढवायचे. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं. थरांचं वेड असेल तर त्यांच्यापाशी फार काही आहे.

आणि व्हॅन गॉग आवडत असेल तर आवडू दे. त्यात खोटं काय? खोटं इतकंच, की तुला तो आवडत नव्हता.

हर्णैची_पोर

@ठाण्याची_लोकल बरोबर पकडलंत. सूर्यफुलं बरी वाटतात, पण रात्री झोप उडवत नाहीत.

मातीकाम

मी शिल्पकलेचा, चिपळूणजवळच्या सावर्ड्याला शिकलो. एकच भर घालतो. साहित्य हलकं की भारी हा वाद जुना आहे. रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनात 1938 साली 'संथाळ कुटुंब' केलं ते सिमेंट आणि लाल जांभ्याच्या खडीत. ब्राँझला पैसे नव्हते आणि जांभा पायाखाली होता. आपल्याकडे त्याच दगडाची घरं बांधतात आणि चित्रकलेच्या तासाला प्लास्टरचा ग्रीक देवांचा मुखवटा काढतात.

जमलं तर अलिबागजवळच्या सासवण्याला जा. शिल्पकार करमरकरांचं घर तिथं आहे, आता संग्रहालय. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी (1928) त्यांचाच. सिमेंटमधली कामं आहेत, आजूबाजूची साधी माणसं आहेत. बरवे त्यांच्या नात्यातले. दापोलीहून रस्त्यानंच जावं लागेल, आणि ते प्रकरण अख्ख्या दिवसाचं आहे. डबा घेऊन निघ.

हर्णैची_पोर

सगळ्यांना एकदम उत्तर देते, गेले बारा दिवस नेट धड नव्हतं.

'कोरा कॅनव्हास' दापोलीत नाही मिळालं, मैत्रिणीनं मुंबईहून आणून दिलं. अजून अर्ध्यात आहे. सासवणं राहिलं. नसरीन मोहमदींची चित्रं मोबाइलवर पप्पांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, फोन लांब धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दोरी कोण धरायचा ह्यांची?"

मग मी मागच्या पडवीत कपाटाचा एक जुना प्लाय घेऊन बसले. खाली पिवळा, वर गुलाबी, वर निळा. घाई. दुसऱ्याच दिवशी वरचा थर म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखा सुरकुतला. मला आधी वाटलं झकास इफेक्ट आलाय. पप्पा बाजारातून आले, नखानं दाबून बघितलं, आतला रंग ओला. "जाड हात मारलास गो. वरनं साय धरते आणि आत ओलंच राहतं. त्यात ही पावसाळी हवा. पातळ मार, चार मार, मधे दोन-दोन दिवस जाऊ दे."

म्हणजे चार थरांना आठवडा, तोही ऊन पडलं तर. गायतोंडे वर्षाला पाच-सहा चित्रं का करायचे ते जरा कळलं.

आता तिसरा हात वाळतोय. चौथा झाला की खरवडणार आहे. पप्पांना ते अजून सांगितलेलं नाही. एवढे सरळ बसलेले हात मुद्दाम खरवडायचे म्हटल्यावर त्यांच्या जिवाला लागेल.

@जुना_जेजेकर एक विचारायचं राहिलं. बरवे एनॅमलखाली कॅनव्हासला काय लावायचे? इथल्या हवेत माझा कॅनव्हास ढिला पडतोय, आणि घरात प्लाय संपला.