माकीए पेन घ्यायचंय: नवा सारस की जुना मासा?

निळीशाई

नमस्कार मंडळी. वीस वर्षं शाईच्या पेनांनी लिहितोय, पण जपानी रोगणकामाचं, सोनेरी माकीए नक्षीचं पेन कधी हातात धरलं नव्हतं. कामानिमित्त टोकियोत आलोय, रविवारी परत. काल गिंझात इतोया या स्टेशनरीच्या दुकानात 'नुसतं बघून येऊ' म्हणून शिरलो आणि काचेच्या कपाटासमोर किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. शेवटी तिथल्या मुलीने खुर्ची आणून दिली.

तिथल्या किमती बघून गप्प बाहेर पडलो. पुढे दोन छोट्या दुकानांत मिळून दोन पेनं मनात भरली:

पहिलं नवं. काळं, रेझिनचं, त्यावर सोनेरी सारस आणि पाइनची फांदी. हात फिरवला की नक्षी बोटाला लागते. दुकानदार 'किंदाई माकीए' असं काहीतरी म्हणाला, मी मान डोलावली. साठ हजार येन.

दुसरं जुनं, वापरलेलं. एबोनाइटचं, ड्रॉपरने शाई भरायचं. काळ्या पाण्यात तांबूस-सोनेरी मासा, शेपूट टोपणावर आणि धड दांडीवर. पण बोट फिरवलं तर काहीच लागत नाही, काचेसारखं सपाट. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत सही आणि शेजारी तांबडी खूण. एक लाख ऐंशी हजार येन.

मला वाटतंय सपाट आहे म्हणजे छापील असणार. मग तिप्पट पैसे कशाचे? सहीचे? जाणकारांनी सांगावं, उद्या-परवात ठरवायचंय.

टाकबोरू

अहो, नेमकं उलटं धरलंय तुम्ही. थांबा, घाई करू नका.

'किंदाई माकीए' म्हणजे आधुनिक माकीए. त्यात नक्षी जाळीच्या पडद्यातून छापतात. छापल्याने थर किंचित वर उभा राहतो, म्हणून बोटाला लागतो. दुकानदाराने तुम्हाला खरं तेच सांगितलं, तुम्ही मान डोलावलीत एवढंच. माणूस प्रामाणिक आहे, त्याच्याकडे परत जायला हरकत नाही.

सपाट माशाचं म्हणाल तर ते बहुधा तोगिदाशी असावं. माकीए म्हणजे शब्दशः 'पेरलेलं चित्र'. उरुशीने, म्हणजे एका झाडाच्या चिकाने, बारीक कुंचल्याने रेघ ओढायची. ती ओली असतानाच बांबूच्या नळीतून सोन्याची भुकटी तिच्यावर टिचक्या मारत भुरभुरायची. वाळली की झालं हिरा माकीए ('हिरा' म्हणजे सपाट). तोगिदाशीत कारागीर तिथे थांबत नाही. अख्ख्या चित्रावर तो पुन्हा उरुशीचा थर देतो, चित्र काळ्याखाली पुरून टाकतो, आणि मग कोळशाने घासत घासत ते परत वर आणतो. एक घास जास्त झाला तर सोनंच जातं. शेवटची चकाकी बोटाच्या पेराने आणतात. म्हणून मासा पाण्यावर ठेवल्यासारखा नाही, पाण्यात असल्यासारखा दिसतो. तिसरा प्रकार ताका माकीए, त्यात खाली भर घालून नक्षी उचलतात, ती डोळे मिटूनही कळते.

पण नुसत्या बोटावर भरवसा ठेवू नका. छापील चित्रावर पारदर्शक थर चढवला की तेही सपाटच लागतं. दहापटीचं भिंग घेऊन जा (जवाहिरे वापरतात तसलं) आणि पेन दिव्याखाली तिरकं धरा. छापील सोन्याची कड करवतीसारखी दातेरी दिसते, ठिपके रांगेत असतात, रंग सगळीकडे सारखा. पेरलेल्या सोन्यात रांग नसते. माशाच्या कल्ल्यापाशी कण दाट असतील, शेपटीकडे विरळ होत होत काळ्यात विरून जातील. त्या विरण्याचे पैसे आहेत, सहीचे नंतर.

आता सहीचं. अशी पेनं करणारी नामिकी कंपनी १९१८ साली र्योसुके नामिकी आणि मासाओ वादा यांनी काढली, तीच पुढे पायलट झाली. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, उजेडाने ते मळकट तपकिरी होतं. त्यावर तोडगा म्हणून उरुशीचा थर देण्याची पद्धत त्यांनी काढली आणि १९२५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. म्हणजे बघा, या सगळ्या थाटाचं मूळ पेन विटू नये ही साधी गरज. चित्रं त्यामागून आली. कानाझावाचे माकीए कलाकार गोनरोकु मात्सुदा कामाला लागले, १९३० मध्ये डनहिल या इंग्रज कंपनीशी करार होऊन ही पेनं युरोपात गेली, १९३१ मध्ये कारागिरांचा 'कोक्कोकाई' हा गट झाला. मात्सुदांना १९५५ मध्ये 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान मिळाला. नामिकीच्या पेनांवर कारागिराच्या सहीसोबत कोक्कोकाईचं नाव अजूनही सापडतं. तुमच्या पेनावर काय लिहिलंय ते दुकानात वाचून घ्या, तांबडी खूण ही कारागिराची मुद्रा. सोबत किरी लाकडाची पेटी आहे का तेही विचारा. पेटी नसेल तर किंमत खाली यायला हवी.

जुन्या पेनात आणखी काय बघायचं? टोपण उलटं मागे खोचून लिहायची सवय आधीच्या मालकाला असेल, तर दांडीच्या शेपटाकडे एक पुसट कडं दिसतं. आट्यांच्या कडेला उरुशीचे टवके उडालेत का ते बघा. आणि एक बाजू दुसरीपेक्षा निस्तेज आहे का? असेल तर ते पेन वर्षानुवर्षं उन्हाच्या काचेत पडून होतं. उरुशीला आम्ल, दारू काही करत नाही, ऊन मात्र खातं.

आता माझं शहाणपण कुठून आलं तेही सांगतो. माझ्याकडे एक हिरा माकीएचं पेन होतं, चतुर बसलेला, पंखांवर केसाएवढ्या रेघा. थोडं मळलं म्हणून दागिने चमकवायच्या फडक्याने छान पुसलं. दोन-चार हात फिरवले आणि फडकं उजेडात धरलं तर त्यावर सोनेरी भुरका. डाव्या पंखाच्या रेघा तेवढ्यात अर्ध्या झाल्या होत्या. ते फडकं अजून ठेवलंय, फेकवत नाही. तेव्हा साधं मऊ सुती कापड, बाकी काहीही नको.

टीपकागद

टाकबोरूंशी बऱ्याच अंशी सहमत, पण आधुनिक माकीएला सावत्र का वागवता? छापील आहे असं सांगून विकलं तर त्यात फसवणूक कसली? माझं रोजचं पेन तसंच आहे. खिशात किल्ल्यांबरोबर फिरतं, मी त्याच्याकडे बघून सुस्कारे सोडत नाही. एक लाख ऐंशी हजारांचं पेन तुम्ही खिशात घालणार आहात का? खरं सांगा.

आणि लिहिण्याचं कुणीच बोललं नाही. पेन आधी पेन आहे हो. जुन्या ड्रॉपरच्या पेनाला बहुधा शेपटाशी फिरणारी घुंडी असते, ती शाईची वाट आतून बंद करते. ती बंद ठेवून लिहायला बसलात तर पानभराने शाई आटते आणि माणूस निबेला शिव्या घालतो. लांब लिहिताना घुंडी थोडी सैल करायची, झालं की घट्ट. नामिकीच्या आजच्या एम्परर पेनातही हीच सोय आहे, त्याची ५० नंबरची निब बघितलीत का? चमचाच तो.

विचारायच्या गोष्टी दोनच: घुंडी फिरते का, आणि निब मूळची आहे का. दुकानात पाण्यात बुडवून कागदावर ओढून बघू देतात, मागायला लाजू नका. विमानात नेताना मात्र पेन रिकामं करा.

रानवाट

जरा विषयांतर. वर 'रोगणकाम' लिहिलंय ते बरं केलंत, पुष्कळ जण 'लाखेचं काम' म्हणतात. लाख किड्यापासून मिळते, उरुशी हा झाडाचा चीक. हे झाड बिब्ब्याच्या कुळातलं, आंबा-काजूही त्याच कुळातले. बिब्बा उततो म्हणजे काय हे ज्यांनी अंगावर अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. ओल्या उरुशीने तसंच अंग उठतं, नवशिके कारागीर महिनोन्महिने खाजवत असतात. पूर्ण वाळलेल्या पेनाने सहसा काही होत नाही, तरी ज्यांना बिब्बा फार लागतो त्यांनी अगदी नवं कोरं पेन थोडे दिवस उघडं ठेवून मगच वापरावं.

गंमत म्हणजे हा चीक 'वाळतो' तो कोरड्या हवेत नाही. त्याला दमट हवा लागते, सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता, म्हणून पेनं ओलसर ठेवलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. दर थरानंतर पुन्हा कपाट. दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला चिरा पाडून मिळतो जेमतेम पावशेर चीक, तोही एकदाच, मग झाड तोडतात. जपानातला बहुतेक देशी चीक इवाते प्रांतातल्या जोबोजीचा.

निळीशाई, पेन घेतलंत तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या भरू नका. आपण कॅमेऱ्याला भरतो तशा सवयीने भरल्या जातात.

निळीशाई

सगळ्यांचे आभार. आज भिंग घेऊन दोन्ही दुकानं पुन्हा केली.

सारस: टाकबोरू म्हणाले तसेच ठिपके, रांगेत, पंखाची कड बारीक करवतीसारखी. दुकानदाराने स्वतःहून पुन्हा 'किंदाई' म्हटलं आणि हाताने छपाईची खूण करून दाखवली. मीच ढ.

मासा: भिंगाखाली आधी काही कळेना, नुसता सोन्याचा धुरळा. मग शेपटीच्या टोकाला गेलो. तिथे कण इतके सुटे होते की मोजता आले असते. सात की आठ, आणि मग काळं. खूप वेळ तिथेच होतो, मागे एक गृहस्थ खोकले तेव्हा बाजूला झालो.

दोष: आट्यांजवळ तांदळाच्या कणीएवढा टवका, शेपटाकडे पुसट कडं आहेच (हा आधीचा मालक!). पेटी नाही. ते दाखवल्यावर एक लाख साठ हजारांना दिलं. टीपकागद, घुंडी फिरते, निब १४ कॅरटची, बाईंनी पाण्यात बुडवून लिहू दिलं. आणि नाही, खिशात घालणार नाही. तेवढं जिंकलात.

एक अडचण मात्र मलाच सोडवायची आहे. टोपणाच्या आट्यांना चार तोंडं आहेत, म्हणून ते चार ठिकाणी लागतं, आणि शेपूट धडाला जुळते ती एकाच ठिकाणी. बाकी तीन वेळा मासा मधेच तुटतो. दुकानातल्या बाईंनी टोपण काढलं, माझ्याशी बोलता बोलता परत लावलं, खाली बघितलंही नाही, आणि शेपूट बरोब्बर जागेवर. मी हॉटेलवर येऊन तासभर तेच करतोय. तिसऱ्या-चौथ्या फेरीशिवाय जुळत नाही.