मदत हवी आहे: डेबियनची इमेज बनवताना कॅश प्रॉक्सीचा घोळ

गावच्या शाळेतल्या जुन्या संगणकांसाठी डेबियन १२ (लिनक्स) ची तयार इमेज, म्हणजे मशीनवर जशीच्या तशी टाकायची पूर्ण सिस्टिम, बनवतोय. डेबूटस्ट्रॅपने (फोल्डरमध्ये मूळ डेबियन उभं करणारी कमांड) पाया घालायचा, मग सीएचरूटमध्ये (त्याच फोल्डरला स्वतंत्र सिस्टिम मानून आत शिरून) लिबर ऑफिस, मुलांच्या शैक्षणिक खेळांचं जीकॉम्प्री, लोहित देवनागरी फॉन्ट आणि मराठी टायपिंगसाठी आयबस-एम१७एन. सगळं एकाच शेल स्क्रिप्टमध्ये. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. स्क्रिप्टमध्ये एक ओळ बदलली की पुन्हा सगळं उतरवा, दुपारपर्यंत दिवसाचा डेटा खलास.

म्हणून लॅपटॉपवर एपीटी-कॅशर-एनजी बसवलं, पोर्ट ३१४२. हा मधला सर्व्हर (प्रॉक्सी) एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून ठेवतो. दुसऱ्या बिल्डपासून पॅकेजेस घरातूनच यायला लागली. पण प्रॉक्सीचा पत्ता मी सीएचरूटमधल्या एपीटीच्या (डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणारं साधन) कॉन्फिग फाइलमध्ये लिहिला होता, आणि ती फाइल इमेजबरोबर थेट शाळेत पोचली! तिथे एपीटी अपडेट दिलं की मशीन माझ्या घरचा १९२.१६८ वाला पत्ता शोधत बसतं. सरांचा फोन आलाच. फाइल शेवटी पुसता येते हे कळतं, पण मी विसरणार हे नक्की. दुसरा मार्ग आहे का?

शिवाय एक बाहेरची रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) फक्त एचटीटीपीएसवर आहे. आधी कॅशरकडून ४०३ (परवानगी नाही) हा एरर यायचा. कॅशरच्या सेटिंगमध्ये पासथ्रू-पॅटर्न (हे पत्ते थेट जाऊ दे) घातल्यावर तो गेला, तरी तिथली पॅकेजेस दरवेळी नव्याने उतरतात.

उत्तर १:
फाइल लिहूच नका. एचटीटीपी_प्रॉक्सी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सगळी अक्षरं स्मॉल) एपीटीला चालतो, डेबूटस्ट्रॅपलाही. फक्त सुडोच्या (रूट म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवणाऱ्या) आधी एक्सपोर्ट केलात तर तो वाटेतच गळतो. रूट झाल्यावर, स्क्रिप्टच्या आत करा.

पासथ्रू म्हणजे नुसता बोगदा. आतून काय जातंय ते कॅशरला दिसतच नाही, मग साठवणार काय? सोर्सेसच्या (एपीटीची रिपॉझिटरींची यादी) ओळीत पत्ता एचटीटीपीने सुरू करा, दोन स्लॅशनंतर कॅपिटलमध्ये एचटीटीपीएस, मग तीन स्लॅश आणि पुढे मूळ होस्ट. कॅशर स्वतः एचटीटीपीएसने आणतो आणि ठेवतो. पॅकेजेसची डिजिटल सही एपीटी तपासतंच. पण ही ओळ इमेजमध्ये राहिली तर पुन्हा सरांचा फोन! मूळ फाइल तशीच ठेवून तिच्यावर बिल्डपुरती यादी बाइंड माउंट करा (मूळ फाइल न बदलता तिच्या जागी दुसरी दाखवा), इमेज बांधण्याआधी अनमाउंट.

धागाकर्ता:
सुडोचीच भानगड निघाली, मी तासभर कॅशरला शिव्या घालत होतो. आता स्क्वॅशएफएसच्या (इमेज दाबून बांधण्याच्या) आधी ईटीसीमध्ये, म्हणजे कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये, '३१४२' ग्रेपने शोधतो. सापडलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.