प्रतिसाद: फुकटचे वर्ग टिकतात!

फुकटच्या वर्गांना लोक चार दिवस येतात नि मग गळतात, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. हास्यक्लबच बघा. डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ला मुंबईतल्या बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला. आधी विनोद सांगायचे. ते संपत आले, काही तर लोकांना खटकू लागले, तेव्हा विनोद सोडून टाळ्या, दीर्घ श्वास आणि 'हो हो, हा हा हा' असा क्रम बसवला. तोच आज जगभर चालतो.

आमच्या बागेतल्या क्लबात आई जाते. हसण्याइतकंच मोल मला नंतरच्या गप्पांचं वाटतं. एखाद्या काकू न सांगता आल्या नाहीत, तर परतताना कुणीतरी त्यांच्या दाराची बेल वाजवतंच. एकट्या राहणाऱ्यांना याचा केवढा आधार! गुडघे दुखणारे कट्ट्यावर बसून करतात. हर्निया असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

आणि मन खरंच खचलं असेल, तर नुसत्या क्लबावर विसंबू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.